धडगावच्या घाटातले हॉर्न

एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं. मी सोलापूरकडचा, बांधकाम खात्याचा ओव्हरसियर म्हणून शहाद्याला आलो तेव्हा तिथं माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. बाजारात, शेजारात सगळे अहिराणी बोलत. मी बोललो की लोक आदराने ऐकून घेत आणि पुन्हा आपापसात बोलू लागत. संध्याकाळी खोलीचं कुलूप काढलं की दुसऱ्या दिवशी कचेरी उघडेपर्यंत तोंडातून शब्द निघत नसे.

धडगावकडच्या रस्त्याचं काम चालू होतं. खात्याकडे लष्कराने काढून टाकलेल्या जुन्या मोटारसायकली होत्या. त्यांवर आम्ही तिघे घाटात जायचो. पुढे तापीकाठच्या गुजर घरातला एक तरुण ओव्हरसियर, कायम घाईत. मधे रनाळ्याचे आमचे वडीलधारे मिस्त्री, ज्यांना सगळे दादा म्हणत. शेवटी मी. कच्च्या रस्त्यावर इतकी धूळ उडायची की पुढचा माणूस दिसत नसे. तोंडाला टॉवेल गुंडाळलेले आणि इंजिनांचा धडधडाट, त्यामुळे बोलणं शक्यच नव्हतं. म्हणून दादांनी हॉर्नच्या खुणा ठरवल्या होत्या. दोन आखूड म्हणजे मी येतोय, ठीक आहे. एक लांब म्हणजे थांबा. मी वाजवायचं, दादांनी ते पुढे पोचवायचं आणि पुढच्याचं उत्तर मागे माझ्यापर्यंत आणायचं.

बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण मला त्या खुणांची ओढ लागली होती. धुळीत आपण वाजवावं आणि पुढून कुणीतरी उत्तर द्यावं, एवढंच माझं दिवसभरातलं बोलणं असायचं. पुढे पुढे उत्तर येईनासं झालं. दादांना आता कंटाळा येत असेल, असं मी मनाला सांगितलं.

दिवाळीनंतरच्या थंडीत एका चढावर माझ्या गाडीची चेन तुटली. मी लांब हॉर्न वाजवला. पुढच्या दोन्ही गाड्यांचा आवाज वळणामागे गेला. पुन्हा पुन्हा वाजवला. आवाज विरत गेला आणि मग डोंगरात काहीच उरलं नाही.

गाडी कडेला लावून मी दगडावर बसलो. डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक पावरा आदिवासी बाई वरून आली. ती थांबून काहीतरी विचारू लागली. मी चेन दाखवली, मराठीत सांगितलं, मग हिंदीत. तिलाही माझं काही कळेना. मग मोळी सावरून ती खाली निघून गेली. ती गेल्यावर मला पहिल्यापेक्षा जास्त एकटं वाटलं.

ऊन कललं तेव्हा दादा एकटेच परत आले. धडगावला पोचल्यावर मी मागे नाही हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. मी चिडून विचारलं, इतके हॉर्न दिले, थांबला का नाहीत? ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग गाडीवरून उतरून शेजारी बसले.

"तू वाजाडं व्हई, भाऊ," ते म्हणाले. "पन माले ऐकू येत नही. वरीस व्हयनं. कोनले सांगू नको."

मी मान हलवली. वर्षभर ते इतरांची तोंडं बघून अंदाजाने बोलत होते, चारचौघांत हसण्याच्या जागी हसत होते. घरी बायकोलाही त्यांनी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, कचेरीत सगळ्यांत एकटा माणूस मीच.

त्यांनी हत्यारं काढून चेनची कडी जोडून दिली. तेव्हापासून मधे मी असायचो आणि दादा शेवटी. धूळ बसली की प्रत्येक वळणावर मी थांबून मागे बघायचो आणि हात वर करायचो. ते दिसले की त्यांचाही हात वर यायचा. पुढच्याला कारण आम्ही सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. तो हिवाळा असा निघाला.

उन्हाळ्यात मागून येणाऱ्या जीपने दादांना रस्त्याखाली उतरवलं. जीपवाला केव्हापासून हॉर्न देत होता. लागलं थोडंच, पण दादा स्वतः साहेबांकडे गेले आणि काम सोडतो म्हणाले. जाताना मी सोबत येऊ का विचारलं, तर नको म्हणाले.

पावसाळ्यानंतर मी त्यांना भेटायला रनाळ्याला गेलो. घर माणसांनी भरलेलं होतं. सुना, नातवंडं, आलागेला. दादा ओट्यावर एका बाजूला बसले होते. घरातली माणसं त्यांच्याशी ओरडून एखादा शब्द बोलत आणि कंटाळून आत जात. मला बघून त्यांनी शेजारी जागा केली.

"आते मधमां कोन शे?" त्यांनी विचारलं.

मधे कुणीच नव्हतं, नवीन माणूस आलेला नव्हता. आम्ही दोघेच जायचो, आणि पुढचा थांबत नसे. हे ओरडून सांगावंसं मला वाटेना. कुणी नाही, असा मी नुसता हात हलवला. दादांनी आत बघून चहा सांगितला. चहा येईपर्यंत आणि नंतरही बराच वेळ आम्ही तिथेच कपाशीच्या गाड्या जाताना बघत बसलो.