दाढदुखीचा सिंह

माझ्या चित्रांच्या पुस्तकात एका सिंहाची दाढ दुखत होती. बिचारा पानभर आ वासून बसलेला. पान उलटलं की मागच्या बाजूला ससा ती दाढ उपटायचा. पुस्तक मला तोंडपाठ होतं, तरी रोज शाळेतून आल्यावर मी ते घेऊन बसायची. सिंहाच्या नखांना लाल पेन्सिलीने मेंदीसुद्धा लावली होती.

तेव्हा आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती. वडील, म्हणजे आमचे अण्णा, दिवसा कचेरीत कारकून आणि संध्याकाळी चाळीच्या गणपतीच्या देखाव्याचे सर्वेसर्वा. त्या वर्षी देखावा ठरला महाराष्ट्राच्या नकाशाचा, मुंबईवर पहारा देणारा सिंह.

"पुस्तक दे ग जरा. बघून चित्र काढतो, उद्या परत देतो," अण्णा म्हणाले.

परत आलं तेव्हा सिंहाच्या जागी भलंमोठं भोक होतं.

"उंदरांनी कुरतडलं बघ," अण्णा म्हणाले. "उच्छाद मांडलाय मेल्यांनी."

मी ढसाढसा रडले आणि दुसऱ्या दिवशी आईकडून भाकरीचा तुकडा मागून सापळा लावला. इतका माझा अण्णांवर विश्वास.

आरतीच्या वेळी शेजारची मुलगी कानात कुजबुजली, "तो बघ, तुझा सिंह."

"माझे अण्णा असं करणार नाहीत," मी म्हटलं आणि तिला कचकन चिमटा काढला.

मग वर पाहिलं. मुंबईवर चिकटवलेला सिंह आ वासून बसला होता आणि त्याची नखं लाल होती. दाढदुखीने विव्हळणारा माझा सिंह दिल्लीवर डरकाळी फोडत होता. "काय सिंह रंगवलाय, वा!" म्हणत लोक अण्णांची पाठ थोपटत होते, आणि अण्णा "छे हो, छे" म्हणत ती थोपटून घेत होते. माझी नजर दिसताच ते निरांजनाची वात सारखी करायला वळले.

पुढे मुंबई मिळाली, चाळीत पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मागितला असता तर सिंह मी दिला असता का? मुळीच नसता दिला. पण उंदरांवर आळ घालायची काय गरज होती? तो राग आजही जात नाही.

लग्न होऊन दादरला आले ती ते पुस्तक ट्रंकेत घालूनच. माझ्या मुलीला ते माझ्याइतकंच आवडलं. सिंहाबरोबर पानामागची दाढही गेलेली, त्यामुळे "मग निघाली का दाढ?" या तिच्या प्रश्नाला मी दर जेवणाला नवी हकिकत रचायची.

एका रविवारी अण्णा आले. मुलीने पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. "आजोबा, इथला सिंह कुठे गेला?"

मी चहा घेऊन येत होते, ती दारातच थांबले. मला त्यांची माफी नको होती. एकदा खरं बोलले असते तरी पुरलं असतं.

अण्णांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "उंदरांनी कुरतडला ग, बाळा," ते म्हणाले.

मी चहा दिला. ते गेल्यावर मुलीला जवळ घेतलं आणि सांगून टाकलं, "उंदीर नव्हते. आजोबांनी कात्रीने कापला तो."

तिने पुस्तक छातीशी धरलं.

"माझे आजोबा असं करणार नाहीत," ती म्हणाली आणि मला कचकन चिमटा काढला.