सापावरचं औषध आणि काकांची शपथ

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण आजही मनात ताजं आहे ते एका शनिवारचं प्रकरण. नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीजवळच्या एका छोट्या गावात मी डिटेक्टिव्ह होतो. एम.एस. करायला आलेला मुलगा पोलिसात गेला म्हणून नातेवाइकांनी जन्मभर नाकं मुरडली. त्या दिवशी मात्र माझं मराठी असणंच कामी आलं, आणि त्याचा मला अभिमान आहे.

दुपारी स्टेशनवर हॉस्पिटलचा फोन आला. एका लहान मराठी मुलीला घरामागच्या अंगणात कॉपरहेड चावला होता. झाडांखाली पसरलेल्या पाइनच्या सुयांत हा विषारी साप असा लपतो की पाय पडेपर्यंत दिसत नाही. चावल्यावर अंग सुजतं, ठणकतं. माणूस सहसा दगावत नाही. या मुलीचं ब्लड प्रेशर मात्र सारखं उतरत होतं, नाडी मंदावली होती, गुंगी आली होती. फ्रॉकवर तपकिरी डाग होते. कुणीतरी तिला काहीतरी पाजलं होतं, आणि ते काय हे कळल्याशिवाय डॉक्टरांना पुढचे उपचार ठरवता येईनात.

मी हॉस्पिटलात गेलो. वडील म्हणाले, "काहीच दिलं नाही, ऑफिसर. सरळ ड्राइव्ह करून आणलं. सगळे सिग्नलसुद्धा ग्रीन मिळाले." सिग्नलबद्दल मी विचारलंच नव्हतं. खोटं बोलणारा माणूस न विचारलेलं जास्त सांगतो. आई खाली बघत होती. मी तिच्याशी मराठीत दोन शब्द बोललो, माझं कार्ड दिलं आणि निघालो. गाडीपाशी पोचेपर्यंत तिचा फोन आला.

"आमच्या शेजारचे काका आहेत ना, त्यांनी औषध दिलं. फ्री देतात हो सगळ्यांना. मी सांगितलं असं प्लीज म्हणू नका. हजबंड म्हणतो, काकांना जेल होईल."

तिथून थेट काकांच्या घरी गेलो. काका सत्तरी ओलांडलेले, मुलाकडे कायमचे राहायला आलेले. घराच्या काचेच्या खोलीत त्यांनी कुंड्यांची रांग लावली होती. बरोबरच्या अमेरिकन सहकाऱ्याने नियमाप्रमाणे त्यांना गप्प राहण्याचा हक्क असल्याचं वाचून दाखवलं. काकांनी तो हक्क मनापासून वापरला. औषध दिल्याचं कबूल केलं, पण ते कशाचं हे विचारताच तोंडाला कुलूप. सहकाऱ्याला यात ड्रग्जचा वास येऊ लागला. तो बेड्यांकडे हात नेऊ लागला.

"काका, मुलगी सीरियस आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच सांगत नाही," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "वडिलांनी शपथ घातलीय. नाव तोंडातून निघालं की औषधाचा गुण जातो. मग त्या पोरीचं काय?"

आम्हाला वाटत होतं, काका गप्प राहिले तर मुलगी जाईल. त्यांना वाटत होतं, ते बोलले तर जाईल. मला आमच्या सांगलीकडचा काविळीचं औषध देणारा गृहस्थ आठवला. पैसा घेत नसे, आणि झाडपाल्याचं नाव विचारलं तर दारातून परत पाठवत असे. असल्या माणसापुढे कायदा वाचून काय उपयोग?

"काका, नाव घेऊ नका," मी म्हणालो. "नुसता हात लावा."

काका उठले आणि त्यांनी एका कुंडीवर हात ठेवला.

जवळच्या विद्यापीठात कोल्हापूरची एक ओळखीची मुलगी सापाच्या विषावर वनस्पतींचे अर्क तपासून पीएच.डी. करत होती. झाडाचा फोटो पाठवताच तिचा फोन आला. "ही सर्पगंधा आहे. हिच्या मुळीने बीपी ड्रॉप होतं. डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता सांगा." मी सांगितलं. बीपी विषाने उतरतंय की पाजलेल्या औषधाने, हेच डॉक्टरांना तोवर कळत नव्हतं. आता त्यांनी उपचार बदलले. संध्याकाळी आईचा फोन आला. मुलीने डोळे उघडून "कॅन आय हॅव फ्राइज?" असं विचारलं होतं. माझा जीव भांड्यात पडला, आणि छातीही फुगली, खोटं कशाला बोलू.

सरकारी वकिलांनी समज देऊन प्रकरण मिटवलं. काकांना मात्र चैन पडेना. "मग इतक्यांना गुण कसा आला?" त्या संशोधक मुलीने त्यांच्याजवळ बसून समजावलं, "काका, काही वेळा साप चावतो, पण विष सोडतच नाही. ती माणसं तशीही बरी झाली असती. लॅबमध्ये विष आणि अर्क आधीच मिक्स केले, तर काही अर्क विषाला अडवतात. पण अंगात विष पसरल्यावर ते चालेल, असं म्हणायला आमच्याकडे पुरावा नाही."

गप्प बसलेला प्रत्येक जण गुन्हा लपवत नसतो, हे मी त्या खोलीत शिकलो. तो कशाला जपतोय ते आधी शोधावं, बेड्या कुठे पळून जात नाहीत. नव्या पोरांना मी पुढे हेच शिकवत आलो.

मराठी मंडळाच्या पुढच्या पिकनिकला काकांनी माइक मागून घेतला. "मी तुम्हाला देत होतो ती सर्पगंधेची मुळी," ते म्हणाले. "आज नाव घेतलं. तिचा गुण गेला. आता माझ्याकडे कुणी येऊ नका, साप चावला तर नाइन वन वन लावा."