आधी पूजा, मग काटा

केंदूरच्या डेअरीसाठी मी लिहिलेला प्रोग्राम रोज सकाळी उघडला की लगेच बंद पडायचा. मी पाबळहून जाऊन उघडला की मात्र गुमान चालायचा. माझं डोकंच फिरलं. शेवटी एकदा डेअरी उघडायच्या आधीच जाऊन बसलो.

दूध मोजणाऱ्या मामांनी कॉम्प्युटर लावला, प्रोग्राम उघडला आणि बंद वजनकाट्याला हळदीकुंकू वाहायला घेतलं. प्रोग्राम उघडताच काटा शोधायचा. तो बंद दिसला की मान टाकायचा.

“मामा, आधी काटा चालू करा ना!”

“पूजेच्या आधी? न्हाई जमायचं.”

चडफडत मी तिथंच बसून प्रोग्रामला काट्याची वाट बघायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला.

“पूजा होईस्तवर गप बसलं हुतं. आता कुठं वळण लागलं तुमच्या लेकराला!”