धोतऱ्याचं बोंड

धोतऱ्याच्या पानांचा उग्र वास आला की एकाहत्तर सालची दिवाळीची सुट्टी आठवते. फार्मसीच्या पहिल्या वर्षातून मी अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या आमच्या गावी आलो होतो. शेजारची काकू चार वर्षांच्या लेकीला उचलून धावत आली. पोर बरळत होती, अंग तापलं होतं, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. "तू औषधाचं शिकतूस न्हवं? कायतरी दे रे!" पोरीच्या मुठीत धोतऱ्याचं फुटलेलं बोंड होतं. त्यातलं विषारी बी वनस्पतींच्या तासाला मी बरोबर ओळखलं होतं; त्यावरचा उतारा मात्र अजून शिकवलाच नव्हता. "काकू, मला न्हाई येत. दवाखान्यात चला," मी कसंबसं म्हणालो. गावातल्या एका जीपमध्ये घाटभर तिचा श्वास मोजत बसलो. डॉक्टरांनी पोट धुतलं आणि संध्याकाळी ती पाणी मागू लागली. आता ती स्वतः आजी झाली आहे, पण माझ्या मनातली ती जीप अधूनमधून अजून त्याच घाटात असते.