रेवा मोठी होताना आमचे इवाई

लहान मुलापुढे आमच्या इवायांइतका गोंधळून जाणारा मोठा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल. इवाई म्हणजे माझ्या मुलीचे, मानसीचे, सासरे. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं घर. उभं आयुष्य वकिलीत गेलं, आणि कोर्टात त्यांच्यासमोर भल्याभल्यांची बोबडी वळायची असं मी ऐकून आहे. पण नात झाली, त्यांनी वकिली थांबवली आणि तेव्हापासून त्यांच्याच चेहऱ्यावर उलटतपासणीत अडकल्यासारखा भाव कायमचा आला. मी त्यांची ईन, म्हणजे विहीण, अमरावतीची. रेवाला सांभाळायला अधूनमधून त्यांच्याकडे जाऊन राहते. मी बॅग खाली ठेवायच्या आत इवाई सुरू करतात, "ईनबाई, तुमी तं मास्तरीण होत्या. मले एक सांगा..." मी शिकवलं ते दहावीच्या मुलांना बीजगणित. रांगत्या मुलांचं मला त्यांच्याइतकंच कळतं, पण हे ते मानायला तयार नाहीत.

रेवा रांगायला लागली ती उलटी. खुळखुळा समोर, आणि ही त्याच्याकडे बघत मागे मागे सरकत थेट दिवाणाखाली. दुसरं कोणी हसून सोडून दिलं असतं. इवायांनी पायजमा वर खोचला आणि स्वतः फरशीवर रांगून पाहिलं. "हातात जोर जास्त हाय, पायात अजून आला नाही," असं त्यांनी दिवाणाखालूनच जाहीर केलं. तिथून त्यांना बाहेर काढायला मानसी आणि मी, दोघी लागलो.

पुढे ते कौंडण्यपूरला नातेवाइकांकडे काही दिवस राहून आले, तर त्यांच्या मांडीवर खिदळणारी पोर त्यांना पाहताच भोकाड पसरू लागली. डॉक्टर म्हणाले, या वयात मुलांना आपलं-परकं कळायला लागतं, चांगली खूण आहे. "कळते तं मंग मी परका कसा?" इवाई दिवसभर हेच विचारत होते. शेवटी त्यांनी दोष मिशीवर ठेवला आणि संध्याकाळी ती उतरवून आले. आता समोर खरोखरच अनोळखी माणूस उभा राहिल्यावर रेवाने जे रडणं काढलं, ते शेजारच्या गल्लीत ऐकू गेलं असेल.

बिस्किटाचं तर विचारूच नका. मोडलेलं बिस्कीट तिला चालत नसे. दोन्ही तुकडे हातात दिले तरी ती जमिनीवर लोळण घेई. इवाई तिच्याशेजारी मांडी घालून बसत आणि समजावत, "हे पाय बेटा, दोन्ही जोडले तं तेवढंच होते. कमी काहीच झालं नाही." युक्तिवाद बिनतोड होता, पण रेवाला तो मान्य नव्हता. मग ते माझ्याकडे वळत. "ईनबाई, हे रडून काहून राहिली?"

पण दुसरा वाढदिवस होऊन बरेच महिने गेले तरी रेवा बोलेना, तेव्हा मात्र घरातलं हसू आटलं. तिला सगळं समजायचं. बोट दाखवायची, हात धरून न्यायची, पण शब्द नाही. कान तपासले, ते ठीक निघाले. डॉक्टरांनी सांगितलं, तिच्याशी बोला आणि तिच्या उत्तराची वाट पाहा. काही महिन्यांनी पुन्हा दाखवा. मानसी भाजी चिरता चिरता डोळे पुसायची. इवायांनी 'वाट पाहा' एवढंच धरलं. "घरात मीच बोलून राहतो. तिले जागा कुठी हाय?" समोरच्या वकिलाला वाक्य पुरं करू न देणारा हा माणूस ओट्यावर बसून "गाय आली" म्हणे आणि गप्प होई. गाय दिसेनाशी होई, तरी हे रेवाच्या तोंडाकडे बघत गप्पच.

एका दुपारी ते संत्रं सोलत होते. "फोड पाह्यजे?" त्यांनी विचारलं आणि फोड तशीच धरून थांबले. रेवाने फोडीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बी काढ."

इवायांनी बी काढली. मग त्या संत्र्याच्या सगळ्या फोडींतल्या बिया काढल्या. "ईनबाई," ते हळूच म्हणाले, "तुमीबी आयकलं ना?"

त्यानंतर शब्दांची रीघ लागली, तीही अस्सल जुन्या शहरातली. "मी नाई येऊन राहिली," असं ती मानसीला ठणकावून सांगते. त्याच दिवशी का बोलली, आधी का नाही, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

आता ती बालवाडीत जाणार आहे. परवा ओट्यावर बसलो असताना इवाई म्हणाले, "तुमच्या जावयाले विचारलं, तुले लहानपणचा मी काय आठवतो? तो म्हणे, खुंटीवरचा काळा कोट. बाकी मी घरी येवो तवा तो झोपेलच राहे." मग त्यांनी विचारलं, "हिले आठवन का हे सारं?"

"नाही आठवणार," मी म्हटलं. "इतक्या लहानपणचं कोणाच्याच लक्षात राहत नाही."

"मंग हे जाते कुठी?"

रेवा अंगणात चप्पल उलटसुलट घालत होती.

"आपल्यालेच ध्यानात ठेवा लागन मंग," ते म्हणाले. "तुमी ठेवजा, ईनबाई. माह्यं वय झालं."

मी हो म्हटलं.