मियाओ काकूंचा फुटका टोफू

मियाओ काकू पहाटे टोफू करायच्या आणि उजाडताच तीनचाकी सायकलवर टोफूच्या फळ्या लादून बाजाराला निघायच्या. शानतुंग प्रांताच्या डोंगरातलं आमचं गाव. घरांच्या दारांवरून बाजारापर्यंत सहा किलोमीटर कच्चा रस्ता, आणि त्यावर खड्डे इतके, की ओल्या फडक्याखालच्या निम्म्या वड्या पोचेपर्यंत फुटलेल्या असत. बाजारात फुटका टोफू कोणी घेत नाही. काकू तो परत आणायच्या आणि दुपारी गावातच अर्ध्या किमतीत विकायच्या. पातीचा कांदा घालून परतला, की फुटका काय नि अख्खा काय. आम्ही सगळे त्यावरच लहानाचे मोठे झालो.

त्या वर्षी काकू गावप्रमुखाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं एकच: रस्ता सिमेंटचा करायचा. समोर तान दशंग, नऊ वर्षं गावप्रमुख. तो घरोघरी सिगारेटी वाटत फिरला. पुरुषांनी त्या कानामागे खोचल्या. काकूंना बायकांनी आत बोलावून प्यायला गरम पाणी दिलं. रस्ता हवाच, असं सगळेच म्हणाले. म्हणताना मात्र जमिनीकडे बघत होते.

काकूंना काही उमजेना. शेवटी त्यांनी छ्यू आजोबांना गाठलं. आजोबा एकटे राहायचे आणि रोज दुपारी वाडगा घेऊन सर्वांत आधी हजर असायचे.

"आजोबा, खरं सांगा. मत देणार ना मला?"

"रस्ता व्हायलाच हवा गं पोरी," आजोबा म्हणाले. "पण मग टोफू फुटायचा कसा?"

काकू त्यांच्या उंबऱ्यावरच बसल्या. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो जात्यात भिजलेलं सोयाबीन घालत होता. हात न थांबवता म्हणाला, आजोबांचं चुकलं कुठे?

मतदानाच्या सकाळी शाळेच्या मैदानात उमेदवारांची भाषणं झाली. काकूंनी गावाच्या प्रगतीवर दोन पानं लिहून आणली होती. बाकावर चढल्यावर समोरचे चेहरे त्यांनी एकदा पाहून घेतले आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

"रस्ता झाला, की रोज एका फळीवरचा टोफू मी स्वतःच्या हाताने फोडेन," त्या म्हणाल्या. "अर्ध्या किमतीत. आता तरी मतं द्या."

मागून कोणीतरी विचारलं, फळी मोठी की छोटी? मोठी, काकू म्हणाल्या.

दुपारी शाळेच्या फळ्यावर खडूने पाच-पाच रेघा ओढत मतं मोजली. काकू एकवीस मतांनी निवडून आल्या. तान दशंगनेही टाळ्या वाजवल्या. त्याच्या घरीही आठवड्यातून चारदा टोफूच शिजायचा.

थंडी सरल्यावर सिमेंट आलं. काकू दोरी घेऊन रस्ता आखायला निघाल्या, तर पहिल्याच दाराशी छ्यू आजोबा उभे. माझ्या दारासमोरचा एक खड्डा तेवढा राहू दे, म्हणाले. अन्न मुद्दाम फोडणं काही बरं दिसत नाही. पुढच्या दारातही तेच मागणं, त्याच्या पुढेही तेच. संध्याकाळपर्यंत चौतीस घरांनी चौतीस खड्डे मागितले. काकू म्हणाल्या, फार तर एक ठेवते, कोणाच्या दारात ते तुम्हीच ठरवा.

त्यासाठी गावसभा दोनदा भरली. एकमत झालं नाही, म्हणून रस्ता सपाट झाला.