देवी नव्हे, गोळ्या

सोनपेठला माझा दवाखाना होता तेव्हाची गोष्ट. डाक्टरीणबाईंचं तोंड तिखट, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. एका दुपारी जवळच्या खेड्यातली एक सासू आपल्या तरण्या सुनेला बैलगाडीत घालून आली. सोबत मुलगा, सुनेचा नवरा. देवी आल्यात म्हणून कंडक्टरनं एसटीत चढूच दिलं नव्हतं. सुनेच्या उशाला कडुलिंबाचा पाला, अंगभर फोड, ओठ सोललेले, डोळे चिकटून बंद.

फोडाशेजारी मी नुसतं बोट टेकवलं, तर कातडीच सरकली. देवीचे फोड घट्ट असतात, खोल रुतलेले. हे भलतंच होतं. कोणत्या गोळ्या दिल्या, विचारलं, तर सगळे चिडीचूप. देवीपुढं औषधाचं नाव काढायचं नसतं ना! मी आवाज चढवला तेव्हा सासू बोलली. हगवणीसाठी सल्फाच्या गोळ्या चालू होत्या, देवीचा कोप नको म्हणून फोड दिसताच बंद केल्या. त्या बंद झाल्या म्हणूनच पोर माझ्यापर्यंत जिवंत पोचली होती. हसावं की रडावं, मला कळेना.

पण उरलेल्या गोळ्या सासूच्या कमरेच्या चंचीत होत्याच. "देवी उतरल्या की देणार हाय," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "देवी नाहीत या. गोळ्यांनीच केलंय हे. आणखी एक दिली तर सून हातची जाईल," म्हणत मी चंची उलटी केली.

मोठ्या दवाखान्यापर्यंतचे धक्के तिला सोसले नसते. सलाईन लावलं. अंथरुणाला अंग चिकटू नये म्हणून नवऱ्यानं गोदाकाठच्या मळ्यातून केळीची पानं आणली, ती गरम पाण्यातून काढून तिला त्यांवर निजवलं. मला खरी धास्ती डोळ्यांची. पापण्या आतून चिकटल्या तर जन्माचा अंधार. उकळून निववलेल्या मीठपाण्यानं त्या सारख्या धुवायच्या, असं सासूला बजावलं. बाई तिथून हललीच नाही. मी रागावले की दोन घास खायची.

जुनी कातडी गळाली, खाली नवी गुलाबी दिसू लागली. माझा जीव जरा भांड्यात पडला. एका सकाळी सुनेनं डोळे किलकिले केले. मी बोटं समोर धरून किती ते विचारलं. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. माझ्यामागं उभ्या सासूला म्हणाली, "आत्या, तुमी लय वाळलाव."